व्हायोलाची हरवलेली पानं

किशोरीनं खुंटी पिळून व्हायोलिनची तार तानपुऱ्याला मिळवली. मोबाइलवर तानपुरा लावल्याशिवाय तिचा हातच चालत नसे. पुण्यात गुरुजींकडे लागलेली सवय. जित्याची खोड, दुसरं काय!

"तो बंद कर ना," ओलेना इंग्रजीत म्हणाली. "पणजोबांनी तानपुरा लिहिलेला नाही."

"त्यांनी लिहिलेलं तरी सगळं कुठं आहे आपल्याकडे?"

बोलून गेल्यावर किशोरीनं जीभ चावली. ओलेना युक्रेनमधल्या खार्किवची, आता मस्कतच्या एका शाळेत चेलो शिकवायची. तिच्या पणजोबांचं संगीत त्या काळच्या सरकारला भलतंच नवं वाटलं, आणि पुढं शंभर वर्षं ते कुणी वाजवलंच नाही. तीन वाद्यांच्या या रचनेतली व्हायोलिनची आणि चेलोची पानं तिनं युद्धातून निघून येताना बॅगेत आणली होती. तिसरं वाद्य व्हायोला, व्हायोलिनहून थोडं मोठं नि घोगरं. त्याची पानं घरात राहिली, आणि घर राहिलं नाही. शनिवारच्या मैफलीत तिन्ही वाद्यं असतील तरच रचना घेऊ, असं आयोजकांनी बजावलं होतं. आज गुरुवार. व्हायोलाची जागा ओलेनानं स्वतः लिहून भरून पाहिली होती आणि दरवेळी फाडून टाकली होती.

"वाजवू या," ती म्हणाली. तानपुरा बंद करायचा राहूनच गेला.

पहिल्याच ओळीत किशोरीच्या अंगावर काटा आला. दोघींच्या मधून आणखी एक घोगरा सूर येत होता. तानपुऱ्याचा नव्हे, तानपुरा एका जागी उभा असतो, हा चालत होता. ओलेनानं मान वर करून खोलीभर पाहिलं, पण गज थांबवला नाही. पहिलं पान संपलं, दोघी थांबल्या. तोही थांबला.

"एसीचा आवाज असेल," किशोरी म्हणाली.

"एसी बंद आहे."

दारात किशोरीचा नवरा प्रताप बॅग घेऊन उभा होता. आठवडाभर दूर दुक्म गावची रिफायनरी, गुरुवारी मस्कतच्या माबेला भागातलं घर, असा त्याचा शिरस्ता.

"कधी आलास?"

"मघाशीच. तुम्ही तिघं रंगात होता, म्हटलं कशाला मध्ये कडमडा." त्यानं खोलीभर पाहिलं. "तिसरा कुठं गेला?"

"कोण तिसरा?"

"अगं, तो घोगऱ्या आवाजाचा. मला तर तोच आवडला."

किशोरीनं ते कसंबसं ओलेनाला सांगितलं. ओलेनानं कोरं पान ओढलं. "त्याला म्हण, गुणगुणून दाखव."

गणपतीच्या आरतीत शेजारी हात जोडून प्रतापला सांगत, तुम्ही आपल्या टाळ्याच वाजवा. तो लाजला, खाकरला आणि गुणगुणू लागला. एकही सूर ढळला नाही. ओलेना भराभर लिहीत होती, लिहिता लिहिता रडत होती. किशोरीला मात्र भीती वाटली. हा गळा तिच्या नवऱ्याचा नव्हता.

पहिलं पान संपलं. पुढचं अजून कुणी वाजवलंच नव्हतं.

प्रताप थांबला नाही.

ओलेनानं चेलोचं दुसरं पान समोर घेतलं, ओळीवर बोट ठेवलं आणि त्याच्याबरोबर सरकवत नेलं. सगळं जुळत होतं.

"प्रताप, बास कर," किशोरी म्हणाली. त्यानं तिच्याकडे पाहिलंही नाही. "अरे प्रताप!"

ओलेनानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"त्याला थांबवू नकोस," ती कुजबुजली. "अजून सात पानं आहेत."