अंड्याला किती गोष्टी लागतात

मी एक जुनी तारेची टोपली आहे. मित्रांनो, मी पुढे जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बोगोरिया तळ्याच्या पोटातून जाऊन, बुडालेल्या झऱ्यात अंडं उकडून मी परत आले आहे. तळ्यातल्या मगरींना विचारा. या तळ्यात मगरी नाहीत, हे तुमचं दुर्दैव.

माझा जन्म मारिगातच्या बाजारात झाला. एका लोहाराने मोडक्या सायकलच्या चाकाच्या तारा वाकवून मला विणलं. ती सायकल म्हणे एकदा गेंड्याच्या पुढे पळाली होती, म्हणून पाण्यात सोडलं की मी अजूनही गरगर फिरते. तळ्याकाठी पाहुण्यांना अंडी उकडून देणाऱ्या कोबिलोने मधाची बरणी देऊन मला घेतलं, दोरी बांधली आणि झऱ्यावर आणलं.

तिथे जमिनीतून उकळतं पाणी उसळतं. गंधकाचा वास, वाफ, पलीकडे रोहित पक्ष्यांनी गुलाबी झालेला काठ. पाहुणे हिंडतात, फोटो काढतात आणि बरोबर आणलेली कच्ची अंडी कोबिलोच्या हातात देतात. ती आधी चिमूटभर हिरवं गवत पाण्यावर टाकते, कारण न विचारता कोणाच्या चुलीवर भांडं ठेवू नये. मग मला सोडते आणि गोष्ट सुरू करते. घड्याळ तिने कधी ठेवलं नाही, तिच्या आईनेही नाही. आमच्याकडे अंडं गोष्टीवर शिजतं. तरस लंगडा कसा झाला ही गोष्ट अर्ध्यावर सोडली की बलक ओला राहतो, शेवटाला नेली की घट्ट होतो. अर्थात प्रत्येक झऱ्याचं माप निराळं.

माझं फार कौतुक झालं. मग तळं वाढलं. वर्षागणिक पाणी चढलं, एकेक झरा पाण्याखाली गेला, आणि उरलेल्या झऱ्यांवर पाहुणे फोनमध्ये मिनिटं लावू लागले. मी बाभळीला टांगलेली राहिले. एका पाखराने माझ्यात घरटं केलं. त्याची सात पिल्लं माझ्यामुळे जगली. नऊ म्हटलं तरी चालेल.

विनंती आत्ताच करून ठेवते, नंतर वेळ मिळणार नाही. काम झालं की टोपली गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी तारेला आतून खातं. माणसांचं कसं असतं, मला माहीत नाही.

तर एके सकाळी कंदागोर नावाचा माणूस म्हाताऱ्या आईला तळ्याची सैर घडवायला नकुरूहून गाडी करून आला. आई तापकिगेन याच काठावर वाढलेली. आता तिचे डोळे गेले होते. तिला बाभळीखाली बसवून तो कोबिलोला बाजूला घेऊन गेला.

"ताई, वडील गेल्यापासून हिच्या पोटात अन्न नाही. आज चौथा दिवस. वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात आंबवलेलं दूध आणलंय, त्यालाही हात लावत नाही. म्हणते, माझ्या आईच्या झऱ्यावरचं अंडं मिळालं तर खाईन."

"कुठला तो झरा?"

त्याने पाण्याकडे बोट केलं. काठापासून दोनशे पावलं आत, मेलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते तिथे.

"या जवळच्याच झऱ्यात उकडा ना. तिला काय दिसतंय?"

"डोळे गेलेत, जीभ नाही गेली."

"मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

"काय कुजबुजताय?" बाभळीखालून आवाज आला. "अंडं मागितलंय, गाय नाही."

"दोरी पुरते का बघत होतो, मावशी," कोबिलो म्हणाली.

तिने गवत टाकलं, माझ्यात अंडं ठेवलं आणि मला तीन पावलांवरच्या झऱ्यात सोडलं. "निघाली टोपली," ती म्हणाली, आणि सांगत गेली. ती सांगत गेली तशी मी गेले. मी तिथे होते, त्यामुळे माझा शब्द शेवटचा. तळ्याखाली जुना रस्ता आहे. तिथे एक प्रवासी गाडी अजून भरण्याची वाट बघत उभी आहे आणि कंडक्टर म्हणतो, "एकच जागा, एकच जागा." त्याला ओलांडून मी मेलेल्या झाडांच्या मुळांशी पोचले. तिथे एक बाई झऱ्याकाठी भांडं घासत होती. "कोणाकडून आलीस?" तिने विचारलं. "तापकिगेनकडून," मी म्हटलं. तिने हात पुसले, अंडं स्वतः पाण्यात धरलं आणि म्हणाली, "पोरीला म्हणावं, नवरा सगळ्यांचाच जातो. खाऊन घे."

गोष्ट संपली. कोबिलोने दोरी ओढली, अंडं सोललं आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवलं. कंदागोर रोहित पक्ष्यांकडे बघत राहिला. ते त्याने सकाळीच बघितले होते.

तापकिगेनने अंडं हातात फिरवलं, नाकाशी धरलं.

"खोटं बोलतेस, पोरी," ती साठीच्या कोबिलोला म्हणाली. "माझ्या आईचा झरा मंद. तिथे एका अंड्याला दोन गोष्टी लागायच्या. तू एकच सांगितलीस."

कोबिलोने दोरी गुंडाळायला घेतली.

"मीठ दे इकडे. आणि दुसरी सांग, तोवर मी हे खाते."