पाठीवरची चेन

सकाळी साडेअकराच्या सुमारास पाणबुड्याच्या लक्षात आले, की आपण अडकलो आहोत. घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. बंद होता तो फक्त तो स्वतः.

तो धरणावर कामाला होता. दरवाजांपाशी खोल उतरायचे, गार पाण्यात हाताने चाचपून रबर कुठे फाटले आहे ते बघायचे आणि वर येऊन सांगायचे. हे काम तो एकवीस वर्षे करत होता, त्यातली चौदा या एकाच ड्रायसूटमध्ये. ड्रायसूट म्हणजे गळ्यापासून तळपायापर्यंतचा एक रबरी इसम. त्याच्या पोटात खरा इसम शिरतो आणि पाण्यात राहूनही कोरडा राहतो. खात्याचे सूट सगळ्यांच्या मापाचे, म्हणजे कुणाच्याच मापाचे नव्हते, म्हणून याने स्वतःचा घेतला आणि त्याची सेवा आरंभली. दर वेळी साध्या पाण्याने अंघोळ, सावलीत उलटा करून वाळवणे, चेनला मेण, गळ्याच्या आणि मनगटांच्या रबराला पावडर. एवढी पावडर आपल्या मुलीला तान्हेपणीसुद्धा लागली नव्हती, असे बायकोचे म्हणणे. चौदा वर्षे बाथरूममध्ये हा बिनमुंडक्याचा गडी टांगलेला. पाहुणे हात धुवायला आत जात आणि न धुताच बाहेर येत.

सगळे सुरळीत चालले असताना नवे साहेब आले. साहेबांनी पोहण्याव्यतिरिक्त सगळ्याचे शिक्षण घेतले होते. त्यांनी फर्मान काढले: ज्याला आपला सूट दुसऱ्याचा हात न लागता घालता आणि काढता येत नाही, त्याने पाण्यात उतरू नये, काठावर दोर धरावा. परीक्षा उद्या नऊला.

आता या सुटाची चेन होती पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. ती चौदा वर्षे मामाने लावली होती आणि मामानेच उघडली होती. मामा म्हणजे काठावर दोर धरणारा. सगळे खाते त्याला मामा म्हणे, आणि कुणाचा मामा हे कुणी विचारत नसे. पाणबुड्याला काठाची भीती वाटायची. काठावर साहेब उभे असत. पाण्याखाली त्यांचा आवाज पोहोचत नसे. या नोकरीतले तेवढेच सुख उरले होते.

म्हणून आज बायको शाळेत मुलांच्या परीक्षेच्या ड्यूटीवर जाताच त्याने सराव काढला. चेनच्या कडीला दोरी बांधली, दोरीचे टोक खिडकीच्या गजाला, आणि सावकाश पुढे चालत गेला. चेन सर्रकन लागली. स्वतःचीच पाठ थोपटावी असे त्याला वाटले, पण हात पोहोचत नव्हता. ही सूचना त्याने तेव्हाच ऐकायला हवी होती.

गेल्या आठवड्यात गळ्याचे रबर बदलले होते, तेही तपासायचे होते. दोरी गजापासून सोडून पाठीवर तशीच लोंबत ठेवली आणि तो भरलेल्या बाथटबमध्ये दहा मिनिटे मानेपर्यंत बसला. बाहेर आला तेव्हा कडीची गाठ सुटून दोरी टबात तरंगत होती.

उजवा खांदा आधीच आखडलेला. डाव्या हाताची बोटे कडीच्या वीतभर अलीकडे थांबत. त्याने हँगर वाकवून आकडा केला आणि आरशापुढे पाठमोरा उभा राहिला. आरशात डावीकडे दिसणारी कडी उजवीकडे असे, आणि हँगर भलतीकडेच जाई. तासभर तो स्वतःची पाठ खाजवत राहिला. घामाच्या धारा आत पायांपर्यंत उतरल्या. बाहेरून थेंबभर पाणी आत जाऊ न देणारा सूट आतलेही बाहेर सोडत नव्हता.

गळा तर आवळतच चालला. नवे रबर निमुळते येते, एकेक कडे कापून गळ्याच्या मापाचे करायचे. आजवर कात्री मामा धरायचा. या वेळी याने एकट्याने ते काम केले, आणि कापलेले परत जोडता येत नाही या धास्तीने एकच कडे कापून थांबला. वाकले की डोळ्यांपुढे काजवे चमकत. बायकोचा फोन बंद. कात्री टेबलावर होती. एक चीर दिली की श्वास मोकळा, आणि उद्यापासून हातात दोर. त्याने कात्री उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. शेवटी फोन उचलला.

मामा वीस मिनिटांत आला. दार उघडताच त्याने आपादमस्तक पाहून घेतले.

"कुठे निघालास?"

"मामा, आधी चेन."

"नाही, एवढा नटून बसलायस, म्हणून विचारलं."

"मामा, मरतोय मी!"

मामाने दोन बोटांनी कडी धरली. चेन अशी उघडली जणू कधी लागलीच नव्हती. पाणबुड्याने गळ्यातून डोके सोडवले आणि आधी अंगातला बनियन चाचपला. ओलाचिंब.

"गळतोय रे," तो कण्हला.

"घामही असेल."

"कशावरून?"

मामाने बनियनवर बोट टेकवून जिभेला लावले. एकोणीस वर्षांची दोस्ती अशी पुराव्यानिशी सिद्ध करायची वेळ क्वचित येते. "खारट. टबाचं पाणी गोडं. सूट पास आहे." त्याने तोंड पुसले. "तू नापास आहेस."

मामाने न विचारता कात्री घेऊन गळ्याची आणखी दोन कडी बेतशीर कापली. तेवढ्यात पाणबुड्या अर्धी बाटली पाणी प्यायला, बनियन पिळला आणि तोच परत घातला.

"उद्या मी मागे उभा राहू?" मामा म्हणाला. "साहेबांची नजर चुकवून..."

"ते मागेच उभे राहणार आहेत."

पाणबुड्या पुन्हा सुटात शिरला. या वेळी कडीला मामाच्या हातची गाठ, दोरी गजाला. तो पुढे चालला, चेन लागली. मग चेन उघडायला दोरी गजापासून सोडून उलटी दुसऱ्या खांद्यावरून आणायची होती, तीही न बघता.

"मामा, तू बाहेर जा. दार ओढून घे. मी हाक मारली तरी येऊ नकोस."

"किती वेळ?"

"जमेपर्यंत."

मामा जिन्यात जाऊन बसला. आत फर्निचरला काहीतरी धडकत होते. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

"जमलं का रे?"

"दोरी सापडली," आतून आवाज आला. जरा वेळाने तोच आवाज, थोडा बारीक होऊन: "पण ती पडद्याची निघाली."

मामा उठला, दाराच्या मुठीवर हात ठेवला, आणि तो हात तसाच ठेवून उभा राहिला.