दहापैकी चार

आमच्या रग्बी क्लबात मैदानावर पंधरा जण उतरतात आणि आडनावं जेमतेम चार निघतात. प्रत्येक जण कोणाचा तरी चुलतभाऊ, मेहुणा नाहीतर साडू. प्रशिक्षक माझे बाबा. एरवी ते लोकांच्या घरी फरश्या बसवतात. अध्यक्ष माझा काका. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कप्तान म्हणजे या काकाचाच मुलगा. आणि समोरच्याच्या पायांत बेधडक घुसून त्याला आडवा करणारा तो माझा धाकटा भाऊ. बाहेरच्या कोणाला संघात यायचं असेल तर आधी आमच्यात लग्न करावं लागतं, असं लोक चेष्टेनं म्हणतात. चेष्टा कसली, दोघांनी खरंच केलंय.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांच्या उघड्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरून उभी असते. पण प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग घरात मी एकटीनेच केलेला, त्यामुळे क्लबची औषधांची पिशवी आपोआप माझ्या गळ्यात पडली. पट्ट्या बांधायच्या, बर्फ लावायचा, फुटलेल्या नाकात कापूस कोंबायचा. आणि वर्षातून एकदा, हंगाम सुरू व्हायच्या आधी, सगळ्यांच्या डोक्याची परीक्षा घ्यायची.

ही परीक्षा वरच्या मंडळाने सक्तीची केली. खेळाडूला समोर बसवून दहा शब्द वाचून दाखवायचे, पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि मग विचारायचं, किती आठवतात? येईल तो आकडा लिहून खाली सही ठोकायची. पुढे सामन्यात कोणाच्या डोक्याला मार लागला की पुन्हा दहा शब्द. आकडा आधीपेक्षा खाली आला तर तो खेळाडू बाहेर, निदान तीन आठवडे. सरळ, शहाणा नियम होता.

बाबांनी पहिल्याच वर्षी त्यातून पळवाट काढली. "सुरुवातीला हुशारी पाजळू नका रे," ते सगळ्यांना बजावायचे. "चार-पाचवर थांबा. मग सामन्यात डोकं कितीही गरगरलं तरी चार-पाच येतातच." सगळे हसायचे. मीही हसायचे. एका महाभागाने तर मला विचारलं होतं, "ताई, शून्य सांगितलं तर चालेल का?"

माझ्या भावाला सगळे रजिस्टर म्हणायचे. तो काकाच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. कोणत्या गाडीला कोणतं बेअरिंग लागतं, त्याचा लांबलचक नंबर काय, ते कुठल्या मांडणीवर कितव्या खोक्यात आहे, सगळं तोंडपाठ. दुकानात कॉम्प्युटर होता, त्यावर कप्तान पत्ते खेळत बसायचा. शाळेत मात्र या पठ्ठ्याने कधी पस्तीसच्या वर गुण मिळवले नाहीत, कारण लक्ष सगळं मैदानाकडे.

गेल्या हंगामाआधी मी त्याला दहा शब्द वाचून दाखवले. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "साबण, शिडी, आरसा आणि ते आपलं… हां, घोडा. बाकीचे सहा सुट्टीवर गेलेत." आणि डोळा मारला. मी चार लिहिलं, सही केली. घरी येताना त्याने मला ते दहाच्या दहा शब्द उलट्या क्रमाने म्हणून दाखवले, वर त्याच्या आधीच्या वर्षीचे दहाही. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मला त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं, ते आज आठवलं की स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्याच हंगामातल्या एका सामन्यात आम्ही दोन गुणांनी मागे होतो. पंधरा मिनिटं उरली होती. भाऊ नेहमीसारखा खाली वाकून घुसला, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने कप्तानही घुसला आणि त्याचा गुडघा भावाच्या कानशिलावर बसला. आमच्याच माणसाचा गुडघा. मी पिशवी घेऊन धावले. भाऊ उठून बसला होता, पण बघत होता कुठेतरी माझ्या खांद्याच्या पलीकडे. मी वेगळे दहा शब्द वाचले. नियमाप्रमाणे थांबले. मग विचारलं.

त्याने बराच वेळ घेतला. चार सांगितले. या वेळी डोळा मारला नाही.

"किती?" बाबा मैदानाच्या कडेवरून ओरडले.

"चार."

"मग ठीक आहे की! आधी चारच होते. जाऊ दे त्याला आत!"

हे चार खरे चार आहेत, हे मला कळलं होतं. त्या क्षणीच कळलं होतं, नंतर अक्कल आली असं मी म्हणणार नाही. हात वर करून पंचाला सांगायचं, एवढंच काम होतं. पण दोन गुणांचाच फरक होता, आणि मलाही जिंकायचं होतं. मी बाजूला झाले. नऊ मिनिटांनी तो पुन्हा पडला, या वेळी कोणी हातही न लावता, धावता धावता आपला आपणच. सामना आम्ही जिंकलो.

तो अकरा दिवस हॉस्पिटलात होता. घरी आला तेव्हा चालत होता, हसत होता, मला ताई म्हणून हाक मारत होता. फक्त काही टिकत नव्हतं. जेवण झालं की ताट घासायला टाकायचा आणि विचारायचा, आज जेवायचं नाही का? काकाने त्याला पंधरा दिवस दुकानात घेतलं, मग म्हणाला, थोडा आराम करू दे. बाबांनी घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर 'शर्ट', खालच्या खणावर 'मोजे', दाराच्या आतल्या बाजूला 'किल्ली घेतली का?' अक्षर बाबांचं, फरश्यांवर पेन्सिलीने खुणा करतात तसं जाड आणि चौकोनी. आई गेल्यापासून बाबांनी घरातल्या कशाकडे इतकं लक्ष दिलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांचं त्याच्यावर प्रेम नाही, असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं गेलं असतं.

मग दवाखान्यातल्या माझ्या डॉक्टरांकडून मला एका केंद्राबद्दल कळलं. डोक्याला मार लागलेल्यांना तिथे वर्षभर ठेवून घेतात आणि आठवण कशी धरून ठेवायची ते पुन्हा शिकवतात. काही जण कामावर परत जातात म्हणे. जागा थोड्या असतात. अट एकच, माणूस आधी चांगला होता आणि माराने बिघडला, हे दाखवावं लागतं. मी अर्ज केला. केंद्राने क्लबकडून कागद मागवला. कागदावर होतं, माराआधी दहापैकी चार, मारानंतर दहापैकी चार. दोन्हीकडे सही माझी.

केंद्राचं उत्तर आलं, 'फरक आढळत नाही.'

मी फोन करून सांगितलं की पहिला आकडा खोटा आहे. तिथल्या डॉक्टरबाई भल्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही बहीण, आणि स्वतःचीच सही खोटी म्हणताय. तुमच्या एकटीच्या शब्दावर मला काही करता येणार नाही. त्याला रोज बघणारे कोणी असतील ना? मी येते, बोलते त्यांच्याशी."

मी हे घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. घास हातातच राहिला.

"आकडे खोटे निघाले तर मंडळ क्लबला टाळं लावेल," ते म्हणाले. "तीस वर्षं काढलीत मी त्या मैदानावर."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं जे व्हायचं ते झालं. आता सगळ्यांचं कशाला घालवतेस? मी आहे ना त्याला बघायला."

"तुम्ही किती वर्षं आहात, बाबा?"

त्यांनी घास तोंडात घातला आणि चावत राहिले. पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. कामावरून लवकर येऊन भावाला घेऊन गच्चीवर बसत. मला वाटलं, चला, निदान त्याच्याबरोबर बसतात तरी.

सरावाच्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरबाई क्लबच्या खोलीत आल्या. ओले मोजे आणि चोळायच्या तेलाचा वास, भिंतीवर तीस वर्षांचे संघाचे फोटो. पोरं भिंतीला टेकून उभी राहिली. भाऊ बाकावर बाबांच्या शेजारी बसला, केस नीट विंचरून. मी सगळ्यांसमोर सांगितलं की आमच्याकडे सुरुवातीचे आकडे मुद्दाम कमी सांगतात, मी ते जाणूनबुजून लिहिले, आणि माझ्या भावाची आठवण या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

डॉक्टरबाईंनी कप्तानाला विचारलं. त्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. "खास असं काही आठवत नाही. होता आपल्यासारखाच."

"रजिस्टर कोण म्हणायचं रे त्याला?" मी विचारलं.

"ते असंच. कोणालाही काहीही म्हणतो आपण."

मग काका. "दुकानात? करायचा बिचारा. कॉम्प्युटरवर बघून माल काढून द्यायचा."

"कॉम्प्युटरवर?" मी ओरडलेच. "तो चालू तरी करता यायचा का त्याला, काका?"

काकाने भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. बाकीच्यांनी एकेक करून नकारार्थी मान हलवली. ज्यांच्या तुटलेल्या बोटांना मी पट्ट्या बांधल्या, ज्यांच्या लग्नांत माझ्या भावाने शंभर-शंभर पाहुण्यांच्या चपला कोणाच्या कुठे आहेत हे न चुकता सांगितलं, त्या सगळ्यांना एकाएकी काहीही आठवेना. थूः, असं म्हणावंसं वाटलं मला. म्हटलं नाही.

शेवटी डॉक्टरबाई भावासमोर येऊन बसल्या. "तुम्हाला काय वाटतं? आधी तुम्हाला जास्त लक्षात राहायचं का?"

त्याने एक 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नुसता गोंधळून गप्प राहिला असता तरी त्यांनी पुन्हा विचार केला असता, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

भाऊ ताठ बसला. "मी लहानपणापासून असाच आहे," तो म्हणाला. "शाळेतही माझ्या लक्षात राहायचं नाही. घरी सगळं ठीक आहे. मला कुठे जायचं नाही."

चार वाक्यं, मध्ये कुठेही न अडखळता. त्याच्या शेजारी बाबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

डॉक्टरबाईंनी फाईल मिटली. त्या गेल्यावर कोणीतरी चेंडू उचलला आणि पोरं मैदानाकडे निघाली, नेहमीसारखी एकमेकांना ढकलत. बाबा तिथेच बसून होते. त्यांचे डोळे भरले होते आणि चेहऱ्यावर आनंद होता, अगदी खरा आनंद.

"चार दिवस घोकून घेतलं गच्चीवर," ते मला म्हणाले. "पहिल्या दिवशी एक ओळ टिकत नव्हती. आज बघ, एक शब्द चुकला नाही. सुधारतोय गं तो. कशाला हवंय केंद्र?"

भावाने माझी बाही ओढली. "ताई, बरोबर बोललो ना मी?"

"हो रे," मी म्हटलं. "बरोबर बोललास."

घरी पोचेपर्यंत त्याने मला तेच आणखी सहा वेळा विचारलं, दर वेळी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. सहाही वेळा मी हो म्हटलं.