पुडीत काय होतं

मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मंडपाच्या मधोमध एक धिप्पाड हमाल हातात दारूचा पेला घेऊन उभा होता आणि त्याच्यासमोर उंच आसनावर पुडीबाबा डोळे मिटून बसले होते. हमालाने चार दिवस बाबांची 'वचनपुडी' खाल्ली होती आणि चार दिवस दारूच्या थेंबालाही तो शिवला नव्हता. आता बाबा स्वतःच त्याला सगळ्यांदेखत प्यायला सांगत होते.

"पी. वचन खरं की खोटं, ते तुझं अंगच सांगेल."

हमाल प्यायला. बाबांनी वचनाचा महिमा सांगायला सुरुवात केली. सूर्य वचनाने उगवतो, नदी वचनाने वाहते आणि तुम्ही लेकाचे एका बाटलीपायी बायकोला दिलेला शब्द गिळता. नदीने कोणाला शब्द दिला होता, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. प्रवचन लांबत गेलं. ते मुद्दाम लांबवलं जात होतं, हे मला नंतर कळलं. काही वेळाने हमालाचं तोंड लालबुंद झालं, त्याने छाती धरली, तो मटकन खाली बसला आणि भडाभडा ओकला.

"धरलं, वचनाने धरलं," गर्दी ओरडली आणि पुड्यांसाठी झुंबड उडाली. माणूस धापा टाकत पडला होता. त्याला घोटभर पाणी द्यावं असं त्या शेकडो भाविकांपैकी एकालाही वाटलं नाही. माझं डोकं तिथेच फिरलं.

मी शाळामास्तर. नोकरी संपली, शिकवणं संपलं नाही. आमच्या बाजारामागच्या गल्लीत दारू सोडलेल्या माणसांचं एक घर आहे. दवाखान्यातले उपचार संपले की लगेच घरी जाऊन पुन्हा घसरू नये, म्हणून माणसं इथे काही महिने एकत्र राहतात. स्वयंपाक, झाडलोट स्वतः करतात, दिवसा कामावर जातात, संध्याकाळी परत येतात. रविवारी त्यांना भेटायला येणारी मुलं मागच्या ओसरीवर माझ्याकडे गणितं करायला बसतात.

या घरात राहायला येणाऱ्याशी जो करार करायचा, तो लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. जुना करार वकिलाने लिहिलेला होता, वाचता वाचता माणूस पुन्हा प्यायला लागावा असा. मी तो मोडून साध्या वाक्यांत लिहिला. प्यायलास तर त्याच दिवशी घर सोडायचं. पण तुला रस्त्यावर टाकणार नाही, घरच्यांना बोलावून दवाखान्यात पोचवू. कोणतंही औषध घ्यायच्या आधी व्यवस्थापकाला दाखवायचं. चुकलास तर पहिल्यांदा समज मिळेल. प्रत्येक वाक्य मी मोठ्याने वाचायचो. समोरच्याने ते आपल्या शब्दांत मला परत सांगायचं, तरच सही. वर्गात मुलांकडून करून घेतो तसंच. न समजता केलेली सही म्हणजे नुसती शाई.

औषधाच्या कलमावर घराच्या अध्यक्षांशी माझी जुंपली होती. ते पुडीबाबांचे परमभक्त. मसुदा वाचून त्यांनी त्यात शब्द घातले: 'देवाधर्माच्या वस्तू वगळून.' मी म्हटलं, पोटाला देव आणि दुकान यांतला फरक कळत नाही. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही व्याकरण बघा, श्रद्धा आम्ही बघतो." मतं घेतली गेली, मी हरलो. आणि त्याच आठवड्यापासून घरात रोज सकाळी चहाबरोबर एकेक पुडी वाटली जाऊ लागली.

तिथल्याच एका शिंप्याला त्या घरात राहून सहा महिने होत आले होते. बायको वारलेली, मुलगी मावशीकडे. घरातला काळ नीट पुरा केला तर मुलगी त्याच्याकडे राहायला येणार, असं मावशीने कबूल केलं होतं. प्यायला असं कळलं तर नाही, हेही तिने तितक्याच स्पष्टपणे सांगितलं होतं. हा माणूस उरलेल्या कापडांतून पोरीचा फ्रॉक शिवत बसायचा.

एका रविवारी तो खोकून खोकून बेजार झाला होता. पोरीने आपल्या पिशवीतली खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि आई द्यायची तसे दोन चमचे बापाला पाजले. ओसरीवर अपूर्णांक चालू होते. काही वेळातच शिंप्याचं तोंड लाल झालं, डोळे तांबारले, छाती धडधडू लागली आणि तो मुलांच्या देखत ओकला.

अध्यक्ष धावत आले. शिंप्याला दवाखान्यात न्यायच्या आधी त्यांनी त्याची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली. म्हणाले, वचनाने धरलंय, म्हणजे प्यालाय. आता आणखी कसला पुरावा हवा?

चार दिवसांनी त्याला काढून टाकण्यासाठी बैठक बसली. शिंपी भिंतीशी मान खाली घालून बसला होता. मावशी पोरीचं मनगट धरून बसली होती. पुडीबाबा खास आमंत्रणावरून आले होते आणि त्यांनी आल्याआल्या निकाल दिला: "माणूस खोटं बोलेल, वचन बोलत नाही. तो गवंडी आठवतो ना? घरी गेला, चोरून प्यायला, रात्रीत गेला. वचनाने नेला."

या गवंड्याचं मरण बाबा प्रत्येक सभेत विकायचे. त्याची बायको दाराशी उभी होती. तिने ते पुन्हा एकदा ऐकून घेतलं.

पोरगी मनगट सोडवून उभी राहिली. "मी औषध दिलं माझ्या बाबांना. दोन चमचे. माझ्या बाटलीतलं."

"बाळ," पुडीबाबा गोड हसले, "बापाचं पाप लेकीने झाकू नये."

"पण मग तुमच्या वचनाला दारू आणि खोकल्याचं औषध यांतला फरक कळत नाही का?"

मी आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं; इतका नेमका प्रश्न मलाही सुचला नव्हता.

"नाही कळत," दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. शिंप्यावर उपचार त्यांनीच केले होते. त्यांनी पोरीची बाटली सगळ्यांसमोर धरली. त्या औषधात थोडी दारू होती, लेबलावर तसं छापलेलं होतं. मग त्यांनी घरातलीच एक वचनपुडी टेबलावर ठेवली. प्रयोगशाळेतून तपासून आणली होती. त्यात पिठीसाखर होती आणि दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी, कुटलेली.

"ही गोळी मीही देते," त्या म्हणाल्या. "पण हृदय आणि यकृत तपासून, आणि माणसाला सांगून."

मुलांना समजेल असं मी इथे सांगतो. आपलं शरीर दारू दोन पायऱ्यांत पचवतं. पहिल्या पायरीवर दारूपासून एक जास्त विषारी पदार्थ होतो, दुसऱ्या पायरीवर त्याचा विषारीपणा जातो. ही गोळी दुसरी पायरी बंद करते. मग विष अंगात साठतं, तोंड लाल होतं, ओकारी येते, छाती धडधडते. गोळी घेणं थांबवल्यावरही तिचा अंमल कित्येक दिवस राहतो. बाबा आधी चार दिवस पुडी खायला का लावायचे आणि पेला दिल्यावर प्रवचन का लांबवायचे, ते आता तुमचं तुम्हाला कळेल.

बाबा म्हणाले, प्रयोगशाळा मायेच्या अधीन असतात; पुडी औषध नाही, वचन आहे. डॉक्टरबाईंनी त्यांच्यापुढे पुड्या सरकवल्या. "तुम्ही दारूला कधी शिवला नाहीत. वचन तुम्हाला कशाला धरेल? माझ्या दवाखान्यात राहून या चार दिवस खा आणि मग हे दोन चमचे घ्या."

संतांना औषध वर्ज्य असतं, असं बाबा म्हणाले.

"अहो, आत्ता तर म्हणालात पुडी औषध नाही," मागून कोणीतरी म्हणालं.

डॉक्टरबाई गवंड्याच्या बायकोकडे वळल्या. तिचा नवरा त्यांच्याकडे येऊन गेला होता. त्याचं हृदय इतकं कमजोर होतं, की हीच गोळी त्यांनी त्याला नाकारली होती.

ती बाई बाबांसमोर येऊन उभी राहिली. "मी रोज माझ्या हाताने दिली," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं होतं, त्याला न कळत जेवणात घाल." एवढंच बोलली. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पोलिसांत तक्रार त्याच संध्याकाळी गेली. अध्यक्षांनी शिंप्याची पिशवी स्वतः आत आणून ठेवली. कोणी त्यांना मदत केली नाही. औषध न दाखवल्याबद्दल शिंप्याला करारातली समज मिळाली आणि तो घरात राहिला.

पण गल्लीत कुजबुज सुरूच होती: काही म्हणा गुरुजी, दारू तर सुटत होती ना? फसवून का होईना. मला याचा संताप येतो. गुरांना पेंडीतून औषध चारतात, त्यांना विचारत नाहीत. ही माणसं गुरं आहेत का? ज्याला आपल्या पोटात काय जातंय हेच माहीत नाही, तो खोकल्याचं औषध कसं टाळणार?

कराराचं ते कलम मी नव्याने लिहिलं. तोंडात जाणारी प्रत्येक पुडी औषधच, देणारा कोणीही असो. पुढच्या रविवारी सगळ्यांकडून ते एकेक करून वदवून घेतलं. शिंप्याची पाळी आली. त्याने कलम आपल्या शब्दांत सांगितलं, सही केली, आणि लेखणी खाली न ठेवता डॉक्टरबाईंना म्हणाला, "बाई, मला तपासा. माझं हृदय धड असेल तर ती गोळी मला द्या. आधी सांगून द्या, मी समजून-उमजून खाईन."

मावशीने ते ऐकलं. मग ती पोरीला म्हणाली, जा, बापाजवळ बस.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, तुम्हाला कोणी काहीही खायला दिलं आणि त्यात काय आहे हे सांगायला नकार दिला, तर खाऊ नका. देणारा कितीही उंच आसनावर बसलेला असो, त्याला उभं राहून विचारा: यात काय आहे? ज्याला हा प्रश्न आवडत नाही, त्याची पुडी त्याच्याच हातात परत द्या.