बटणाला तोंड नसते

मी एक जुने बटण आहे. शर्टाचे नव्हे, शर्टाच्या बटणाला निदान रोज कोणाचा तरी हात लागतो. मी संगणकात, मजकूर टाइप करण्याच्या पानावर, वरच्या पट्टीत बसते. माझ्या अंगावर इंग्रजीतला एक मोठा ए आणि त्याला बिलगलेला एक छोटा ए, एवढीच काय ती माझी ओळख.

मित्रांनो, तुमच्या मराठी अक्षरांत लहानथोर असा भेद नाही, म्हणून माझे दुखणे तुम्हाला चटकन कळायचे नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची दोन रूपे, कॅपिटल आणि स्मॉल. एकाच्या जागी दुसरे पडले, तर ते बदलून देणे हे माझे काम. मग पानभर असो की पुस्तकभर, पुन्हा टाइप करावे लागत नाही. मला घडवणाऱ्यांपैकी एक जण म्हणाली होती, "किती जणांचे हात वाचतील याच्यामुळे!" ते माझ्या वाट्याचे पहिले कौतुक. दुसऱ्याची वाट बघता बघता मी थकून गेले.

मी आले ते एका छोट्या छापखान्यात. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर इंग्रजी मजकूर टाइप करायला टायपिस्टताई बसत. त्या टाइपरायटरवर शिकलेल्या. क्लासच्या बाई मुलींच्या हातांवर रुमाल टाकत आणि बजावत, "नजर कागदावर, बोटं कळांवर. वर बघितलंत की वेग गेलाच!" ताईंनी ते जन्मभर पाळले. पान संपेपर्यंत त्या मान वर करीत नसत. त्यांच्या कीबोर्डवरची कॅपिटलची कळ मात्र मध्येच अडकायची, आणि तिचा दिवा केव्हाच गेला होता. पान संपवून ताई वर बघत, तर पडद्यावर सगळी कॅपिटल अक्षरे उभी, जणू मोठमोठ्याने बोलणारी!

"झालं! आज पुन्हा सगळं पान ओरडतंय," त्या पुटपुटत, पान पुसत आणि पहिल्यापासून टाइप करीत. नवा कीबोर्ड मागावा, तर चुका मालकांच्या कानावर जातील, म्हणून गप्प बसत.

मी त्यांच्या नाकासमोर होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी वर्षानुवर्षे पाहिला. ओरडता आले असते, तर घसा बसेपर्यंत ओरडले असते. पण बटणाला तोंड नसते. नुसते बसून मला शीण आला होता खरा, पण ताईंचा शीण मला बघवत नसे.

हळूहळू त्यांचे मनगट दुखू लागले. आधी बाम झाला, मग पट्टा आला. मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. एक दिवस ते खुर्ची ओढून जवळ बसले.

"ताई, हाताला झेपत नसेल तर मोकळेपणानं सांगा. मी दुसरं कोणीतरी बघतो."

"झेपतंय की," असे म्हणून ताईंनी पट्टा बांधलेला हात टेबलाखाली घेतला.

"मग नर्सबाईंचं पुस्तक उद्या संध्याकाळी मशिनवर चढू दे. नाही जमलं, तर मलाही नाइलाज आहे."

नोकरी गेली, तर या वयात दुसरीकडे कोण उभे करणार, हे ताईंना ठाऊक होते.

त्या इंग्रजी पुस्तकात एका निवृत्त नर्सबाईंनी आपल्याला काम शिकवणाऱ्या सुईणींविषयी लिहिले होते. शेवटचे प्रकरण तेवढे राहिले होते. दुसऱ्या दिवशी ताई सकाळीच बसल्या. घाईत त्यांनी पान संपल्यावरही वर बघितले नाही. जेवणाच्या सुट्टीत बघितले, तर काय! अख्खे प्रकरण कॅपिटलमध्ये!

पुसण्यासाठी त्यांनी माउसने सगळा मजकूर निवडला. तेवढ्यात मनगटात चमक भरली, हात हलला, पडद्यावरचा बाण वर घसरला आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी दाबले! माझ्याखाली चार-पाच ओळी उलगडल्या. ताईंनी त्या दोनदा वाचल्या. मग भीत भीत एक ओळ निवडली: वाक्याचे पहिले अक्षर मोठे, बाकी सारी लहान. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ओरडणारे प्रकरण शांत झाले.

मला वाटले, आता कौतुक होणार. ताई मात्र रडू लागल्या.

"मेल्या, इथंच होतंस? माझ्या डोळ्यांसमोर? आणि मी हात मोडून घेतले!"

माझे कामही काही पुरते नव्हते. मला माणसे कळत नाहीत. सुईणींची नावेसुद्धा मी लहान करून टाकली होती. डोळे पुसून ताई एकेक नाव शोधून त्याचे पहिले अक्षर मोठे करू लागल्या.

मालक डोकावले. "झालं का?"

"नावं तेवढी उरलीत."

"राहू द्या हो, कोण बघतंय?"

"ज्यांची आहेत, त्या बघतील."

संध्याकाळी पुस्तक मशिनवर चढले. ताईंची खुर्ची राहिली, आणि त्यांनी नवा कीबोर्डही मागून घेतला. मनगट मात्र पूर्वीसारखे झाले नाही. अक्षरे मी बदलून देते. झिजलेला हात मला बदलून देता येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे आमच्यातले सगळेच शेवटी सांगतात. माझे सोडा, मी काही झिजत नाही. तुम्ही हात जपा, स्वतःचे आणि शेजारच्याचेही. कोणी तेच काम पुन्हा पुन्हा करून दमताना दिसले, तर जवळ जा आणि सोपी वाट ठाऊक असेल ती सांगा. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.