भिंतीपलीकडचा रेडिओ

रविवारी सकाळी वाचनालयाच्या वरच्या खोलीत तालीम चालली होती. नाटक मास्तरांचं. लिहिलेलं त्यांनीच आणि बसवतही तेच होते. विषय थोर होता: बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला घडलेली अद्दल! नवरा झाला होता पोस्टमन, बायको नर्सबाई. मारहाण ऐकून धावून येणारा शेजारी होता घड्याळजी, आणि तो मास्तरांचा खराखुरा शेजारीही होता. मास्तरांची बायको कोपऱ्यात बसून नाटकाचे कपडे शिवत होती. तिला सगळे वहिनी म्हणत.

पोस्टमनने हात उगारला. नर्सबाईंनी असा टाहो फोडला की खालचे वाचक जिना चढून वर आले.

"अहो बाई, घरात साप नाही निघाला!" मास्तर वैतागले. सगळे हसले. "पुन्हा घ्या."

तीनदा झालं, तरी जमेना.

"ती ओरडणार नाही," वहिनी हळूच म्हणाली. "आधी खिडकी लावेल. मग मुलीला काहीतरी आणायला दुकानात पाठवेल."

"तुला काय कळतं गं नाटकातलं?"

मास्तरांचा आवाज एकदम बदलला. वहिनीने खांदे आवळून मान आत घेतली. असं अंग चोरणाऱ्या बायका नर्सबाईंनी दवाखान्यात खूप पाहिल्या होत्या.

"बोला वहिनी," त्या म्हणाल्या. "आणि शेजारी काय करतात?"

"रेडिओ मोठा करतात. त्यावरून तिला कळतं, की त्यांना ऐकू गेलंय."

घड्याळजीने वहिनीवरची नजर काढून घेतली. बारीकशा घड्याळाची टिकटिक अचूक ऐकणारा हा गृहस्थ, पण सात वर्षं भिंतीपलीकडचं ऐकू येऊ नये म्हणून बातम्या मोठ्याने लावत होता. 'नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा,' असं वर घरी सांगत होता. शहाणाच म्हणायचा!

"चला, शेजाऱ्याचा प्रवेश!" मास्तरांनी टाळी वाजवली. "घड्याळजी, वाक्य घ्या."

'खबरदार, हात खाली घे!' एवढंच तर वाक्य. तोंडपाठ होतं, पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना.

मास्तर वहिनीकडे वळले. "आवर ते सगळं. घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

वहिनीने सुई कापडात खोचून ठेवली. "मी नाही येणार."

मास्तर तरातरा पुढे गेले आणि सवयीने त्यांचा हात वर झाला. घड्याळजी मध्ये जाऊन उभा राहिला.

"हात खाली घ्या, मास्तर."

मान खालीच होती. तरी मास्तरांचा हात खाली आला. नाटकातल्यासारखं भाषणबिषण काही झालं नाही.

नर्सबाई वहिनीला आपल्या घरी घेऊन निघाल्या. वहिनीच्या मुलीला घरून आणायला पोस्टमन धावला. जिन्यात घड्याळजीने हात जोडले. "वहिनी, चुकलं माझं."

वहिनी थांबली. "भाऊजी, एका वाक्यात हात खाली आला हो. सात वर्षांत एकदा तरी म्हणायचं होतंत."

यावर घड्याळजीने काय उत्तर द्यावं? मंडळी, तुमच्याकडे असेल तर सांगा. नसेल, तर आज घरचा रेडिओ जरा बंद करून ऐका.