बाईंची काळी चार

शरयूने स्वरमंडळ अर्ध्या सुराने खाली आणलं की बाईंचं घर हातभर जमिनीत जायचं. भिंतीला तडा नाही, कौल सरकत नाही, कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही. नुसतं जायचं. सात वर्षांत असं सात वेळा झालं, आणि मिरजेत कुणाला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. पहिल्या खेपेला दारासमोरच्या चार पायऱ्यांतल्या खालच्या दोन दिसेनाशा झाल्या, तेव्हा शेजारच्या सुलभावहिनी म्हणाल्या की बरंच झालं, नाहीतरी बाईंचे गुडघे दुखतात.

बाई म्हणजे यमुनाबाई मणेरीकर. पन्नास वर्षं काळी चारमध्ये गायल्या. पेटीवरच्या त्या एका काळ्या पट्टीवर त्यांचा सा होता, आणि तो तिथे आहे म्हणून जग जागच्या जागी आहे असा त्यांचा पक्का समज. शरयू एकोणिसाव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला आली ती राहूनच गेली. बाई बसायच्या आधी त्या दिवसाच्या रागाप्रमाणे स्वरमंडळाच्या छत्तीस तारा चावीने जुळवायच्या आणि त्यावरून तंबोरे लावायचे, हे तिचं काम. बाई मांडीवर स्वरमंडळ घेत, तारांवरून एकदा बोटं फिरवत, आणि जो सा मिळेल तो आपलाच म्हणून उचलत. शरयूच्या कानावर त्यांचा एवढा भरवसा होता, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी तोडी गाताना वरच्या सा वर बाईंचा आवाज फाटला. त्यांनी स्वरमंडळ मांडीवरून खाली ठेवलं आणि तीन दिवस पाण्याखेरीज काही घेतलं नाही. बोलल्या एवढंच, की काळी चार गेली तर मी तरी कशाला राहू. चौथ्या दिवशी तिने सगळ्या तारा गुपचूप अर्धा सूर खाली, पांढरी पाचवर आणल्या आणि तोंडातून ब्र काढला नाही. बाई गायल्या. वरचा सा असा लागला की त्यांनी स्वतःच मान डोलावली. दुपारी आमटीभात दोनदा मागून घेतला. शरयू आनंदाने रडली, मग दार उघडायला गेली, तर दोन पायऱ्या नव्हत्या.

आता तिथेच थांबावं की नाही? पण गळा कुठे थांबतो. वर्षाला अर्धा सूर, नेमाने. त्यापायी शरयूला किती भानगडी निस्तराव्या लागल्या! घरातली पेटी तिने दुरुस्तीला दिली ती आणलीच नाही. टेपरेकॉर्डर बिघडला तो बिघडलाच. दूधवाल्याच्या गाडीचा भोंगा नेमका काळी चारमध्ये वाजायचा, म्हणून सकाळी सातला ती मोरीतला नळ पूर्ण सोडून ठेवायची. बाई विचारायच्या, रोज एवढं पाणी कशाला गं? ती म्हणायची, बादली घासतेय.

खिडक्यांबाहेर माती आली. कचेरीचा माणूस येऊन घराचा नंबर वरच्या कौलावर रंगवून गेला. मग दारही गेलं, आणि ये-जा माळ्याच्या खिडकीतून शिडीने सुरू झाली. सुलभावहिनी भाजी दोरीने खाली सोडू लागल्या. बाईंना दिवसा दिवा लागायचा. त्या म्हणत, यंदा मळभ फार आहे. शरयूला मात्र बसवत नसे. भिंतीवर खडूने खूण कर, आढ्याजवळचा झरोका किती उरला ते बोटांनी मोज, पुन्हा तारा तपास, पुन्हा खूण बघ. जेवताना घास हातात धरून ती मातीचा आवाज ऐकत राहायची.

सातव्या वर्षी काळी एकवर तारा इतक्या सैल पडल्या की नुसत्या फरफरू लागल्या. ती स्वरमंडळ घेऊन हमीदचाचांच्या तंतुवाद्यांच्या दुकानात गेली. त्यांनी एक तार छेडली आणि तळव्याने दाबून बंद केली.

"कुणासाठी उतरवतेस ते मी विचारत नाही," ते म्हणाले. "जाड तारा घालून देतो. पण याच्या खाली लाकूडच बोलत नाही, बेटा."

मार्गशीर्षात संगीत मंडळाचं पत्र आलं. बाईंना पंचाहत्तर पूर्ण, रविवारी गाणं ठेवलंय, साथीला दिगंबरराव पेटी घेऊन येतील. बाईंनी शरयूला न विचारताच होकार कळवला. मंडळाने तालमीसाठी गुरुवार सकाळचे दहा ठरवले. त्या गुरुवारपर्यंत शरयूचा डोळ्याला डोळा लागला नाही. आणखी अर्धा सूर खाली आणला तर उरलेला चार बोटांचा झरोकाही बंद होणार होता, आणि पेटी तर खाली आणता येतच नाही. पेटीला कुणाची दयामाया नसते.

दिगंबरराव दहाला आले. आधी दोरीने पेटी उतरली, मग शिडीवरून ते. धोतर झटकून, बाईंना वाकून नमस्कार करून बसले आणि त्यांनी काळी चार दाबली. बाईंनी स्वरमंडळावरून बोटं फिरवली. दोन सूर खोलीत समोरासमोर उभे राहिले.

"तुमची पेटी चढली आहे," बाई म्हणाल्या.

दिगंबरराव अदबीने म्हणाले की पेटी कालच तपासून घेतली आहे. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"शरयू, तू सांग. माझी काळी चार कुठे आहे?"

खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. सात वर्षं तेच तर बोलत होती. पण झरोक्यातून माती भुरभुरत होती, बाईंच्या पांढऱ्या केसांवर पडत होती, आणि तिला त्या क्षणी बाईंची इतकी माया आली की खोटं काही बाहेर पडेना.

"वर आहे, बाई. मी खाली आणली."

बाईंनी केसांवरची माती झटकली. मग स्वरमंडळ तिच्या पुढ्यात सरकवून म्हणाल्या, "मग वर ने."

शरयूने चावी लावली. छत्तीस तारांची एक फेरी झाली की घर हातभर वर यायचं. दिगंबरराव काळी चार धरून भाता मारत राहिले. झरोका उघडला. दुसऱ्या फेरीत दाराची चौकट, तिसऱ्या फेरीत खिडकीत सुलभावहिनींची पावलं. जाड तारा किंचाळत होत्या. चौथ्या फेरीत एक तुटली आणि शरयूचा अंगठा कापला. तिने तो पदरात गुंडाळला आणि पुढची तार धरली. सुलभावहिनी आता गुडघ्यांपर्यंत, मग कमरेपर्यंत, मग सगळ्या दिसल्या. सातव्या फेरीला ऊन थेट देव्हाऱ्यापर्यंत आलं. दारासमोर चारही पायऱ्या होत्या, नुकत्या धुतल्यासारख्या स्वच्छ.

पेटी आणि स्वरमंडळ एक झालं. बाईंनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. फाटकासुद्धा आवाज नाही. दिगंबररावांचा हात भात्यावर थांबला. शरयू मनात म्हणाली, मारलं मी यांना.

तेवढ्यात सा लागला. आवाज बाईंचाच, पण तो फरशीच्या खालून येत होता, सात हात खोल, काळी एकमध्ये, रुंद आणि ठाम. शरयू धावत दाराशी गेली. पायऱ्या संपत होत्या तिथे जमीन नव्हती. घराच्या मापाचा खड्डा होता, आणि आवाज तिथून वर येत कोमल रिषभावर स्थिरावत होता.

बाई तिच्या मागोमाग दारात आल्या. हात कानामागे धरून त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा असा उजळलेला शरयूने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

"कोण गं ही?" त्या म्हणाल्या. "किती सच्चा सूर आहे. वर बोलाव तिला. म्हणावं, मी शिकवीन."

शरयू शेवटच्या पायरीवर बसली आणि तिने पाय खाली सोडले. ते कशालाच टेकले नाहीत.